साखर रक्तातली की घरातली?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना आणि माझ्या आईला मधुमेह आहे. नवरा चाळिशीचा, सडपातळ, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २२.५, म्हणून तपासणीला तयार नाही. एका कंपनीची आठ-दहा हजारांची डीएनए चाचणी आहे. नऊ वर्षांच्या मुलाचा मधुमेहाचा धोका आणि ‘बौद्धिक कल’ दोन्ही त्यातून कळतात म्हणे. करावी का? सासरे सातवी शिकलेले. ‘शिक्षण आमच्या रक्तातच नाही’ असं घरात सारखं बोललं जातं.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : डीएनए चाचणी करू नका. नवऱ्याची कंबर मोजा.

बीएमआय आपल्याकडे फसवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये स्वतःचीच मापं छापली. बीएमआय दोघांचाही २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३पासून चाललेल्या अभ्यासात याची सुरुवात पाळण्यातच दिसली. तिथली बाळं सरासरी सुमारे २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५, पण वजनात जी तूट, ती स्नायूंत जास्त, चरबीत कमी. गरोदरपणी आईच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जास्त असेल, तर मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रभाव कमी पडताना आढळला. म्हणजे ‘घराण्यातली साखर’ सगळी जनुकांच्या खात्यावर टाकता येत नाही.

शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, उघड्या अंगावर टेप लावा. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, पट्टा पोटाखाली घसरलेला असतो. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. मग आठ-दहा तास उपाशी राहून रक्त, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा. नुसत्या उपाशीपोटीच्या आकड्यावर थांबू नका. तो ठीक असून नंतरचा चढलेला, असं पुष्कळदा निघतं. उपाशी १०० ते १२५ किंवा दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. तिथे दरवर्षी तपासणी. सगळं ठीक असेल तर तीन वर्षांनी. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, करणार असाल तर हिमोग्लोबिनही पाहा, कारण लोह कमी असलं की तो आकडा खोटा चढतो. आणि हो, पत्रात तुमच्या स्वतःच्या तपासणीचा उल्लेखच नाही. मधुमेह तुमच्याही आईला आहे ना?

सडपातळ माणसाने काय करायचं? चेन्नईच्या, २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांचा आहार आणि चालणं बदललं. तीन वर्षांत मधुमेहाचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, तेही वजन फारसं न उतरता. आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं आणि दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम.

आता ‘बौद्धिक कल’. शिक्षणाशी जोडलेला जनुकीय गुणांक, म्हणजे डीएनएतल्या अनेक बारीक फरकांची बेरीज, २०१८मध्ये ११ लाख लोकांवरून काढला. ते सगळे युरोपीय वंशाचे. त्यांच्यातसुद्धा कोण किती शिकतो यातल्या फरकाचा ११ ते १३ टक्केच उलगडा होतो. तो गुणांक हडपसरच्या एका मुलाला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा.

त्याच वर्षीचं आइसलँडचं काम अधिक मार्मिक आहे. मुलाला आईकडची निम्मी जनुकं मिळतात, वडिलांकडची निम्मी. जी मिळालीच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणावर परिणाम दिसला. मिळालेल्यांच्या जवळजवळ ३० टक्के. अंगात नसलेलं जनुक काम करणार कसं? आईबापांच्या वागण्यातून, घरातून. ‘खाण तशी माती’ म्हणताना हा भाग आपण विसरतो.

उलटा प्रवासही होतो, शिक्षणाकडून शरीराकडे. ब्रिटनमध्ये १९७२ला शाळा सोडण्याचं किमान वय १५वरून १६ झालं. स्थूलतेचा जनुकीय धोका सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी असलेल्या गटांमध्ये तब्येतीला अपायकारक इतकं शरीर सुटलेल्यांच्या प्रमाणात २० टक्क्यांची तफावत होती. जादा वर्ष शिकल्याने ती ६वर आली. जनुकं तीच होती.

सासऱ्यांच्या सातवीचा दोष रक्ताला देण्याआधी एक करा. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा सातवीलाच संपत. त्यांच्या गावात आठवीचा वर्ग होता का, हे त्यांनाच विचारा.