लैंगिक अत्याचार पीडितेसोबत दवाखान्यात, पोलिसांकडे पहिल्यांदाच जाताय? एवढं सांभाळा

कलमं नंतर पाठ होतील. आधी तिला विचारा, "आत्ता काय हवंय?" तक्रार करायची की नाही, हे तीच ठरवणार. फक्त ती १८ वर्षांखालची असेल तर पॉक्सोप्रमाणे (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) पोलिसांना कळवावंच लागतं. हे तिचं बोलणं सुरू होण्याआधी सांगा, मागाहून कळलं तर तिला दगा वाटतो.

कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबणं ही नवख्यांची हमखास चूक. आत दमट राहतं, बुरशी धरते, पुराव्याचा नमुना वाया जातो. ओले असतील तर सावलीत वाळवा आणि प्रत्येक कपडा वेगळ्या, कोऱ्या कागदी पिशवीत ठेवा. धुवायचे नाहीत. तिने आंघोळ केली असेल तर "अगं का केलीस?" म्हणू नका, तपासणी तरीही होते.

दवाखाना आधी, कारण एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. पुण्यातलं सरकारी ससून असो की खासगी रुग्णालय, उपचार मोफत. एफआयआर नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. टू-फिंगर टेस्टला (योनीत दोन बोटं घालून करायची तपासणी) सरळ नकार द्या. ती करणं म्हणजे गैरवर्तन, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच बजावलंय.

तक्रार द्यायची ठरलं तर कोपऱ्यावरच्या चौकीत नको, थेट पोलीस ठाण्यात जा. "आमची हद्द नाही" म्हणाले तर "झिरो एफआयआर घ्या" म्हणायचं, म्हणजे हद्द कुठलीही असो, तक्रार तिथेच नोंदवायची.
- जबाब महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायचा.
- वाचल्याशिवाय सही नाही.
- प्रत मोफत मिळते, घेऊनच निघा.

मोफत वकील आणि मनोधैर्य योजनेसाठी (पीडितांना राज्य सरकारची आर्थिक मदत) पुण्यात शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात बोलू.