६८० किलोमीटर, एक तास वीस मिनिटं

नागपूर-मुंबई ६८० किलोमीटर, एक तास वीस मिनिटं, मग साडेतीन तासांनी लंडनचं विमान, दोन वेगळी तिकिटं, "आरामात होईल ना?" तुमचं हे वाचलं आणि पोटात गोळाच आला. २०१८ च्या जुलैत सासरचं लग्न उरकून निघताना मीही अगदी हाच हिशेब केला होता, पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर.

अंतर बरोबर आहे. पण विमानाचा वेळ सांगणारी संकेतस्थळं ते ताशी आठशेने भागतात, वर अर्धा तास टाकतात आणि मोकळी होतात. रनवेसाठी रांगेत रखडणं, उतरायला नंबर लागेपर्यंतच्या घिरट्या त्यात कुठे? मुंबईचे दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालवतात. आम्ही पावसात वरच होतो. खिडकीतून खाडी, मग समुद्र, मग पुन्हा खाडी. बायको म्हणाली, "अहो, ही मघाशी पाहिली की!" एक तास गेला.

तरीही जमलं असतं. घात केला तो वेगळ्या तिकिटांनी. बुकिंग करणाऱ्या ऑफिसला मी दोनदा विचारलं होतं. उत्तर एकच, "एकच विमानतळ आहे साहेब, काळजी कशाला?" एकच, हो! उतरलो टर्मिनल १ ला, विलेपार्ल्याला, आणि लंडनचं विमान टर्मिनल २ वरून, सहारहून. सामान पुढे जाणार नव्हतं, म्हणून पट्ट्याशी उभे. सुतळीने बांधलेला सांडगी मिरच्यांचा खोका सगळ्यात शेवटी आला, एक कोपरा भिजलेला. मग टॅक्सीची रांग, हायवेचं ट्रॅफिक. काउंटर एक तास आधी बंद होणार होता, आम्ही पोचलो पन्नास मिनिटं आधी. समोरची मुलगी संगणक आवरत होती.

त्याहून वाईट पुढे कळलं. जाताना चढलो नाही म्हणून परतीचं तिकीटही आपोआप रद्द! ऑफिसला फोन केला तर, "उशीर तुमच्या पहिल्या विमानाला झाला, आम्ही काय करणार?" आणि नंतर फोनच उचलेनात. जाऊ दे, आठवलं की अजून डोकं फिरतं.

माझं मत (प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे, स्वतः खात्री करा): एकाच बुकिंगवर दोन्ही विमानं घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. ते होणार नसेल तर आदल्या दिवशी मुंबईत या, नातेवाइकांकडे पथारी टाका. आता भुयारी मेट्रोची दोन्ही टर्मिनलना स्टेशनं आहेत, पण जड बॅगा घेऊन मी तरी तो उद्योग करणार नाही. आणि नवी मुंबईहूनही विमानं सुरू झालीत, तेव्हा तिकिटावर 'मुंबई' दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका.

जाता जाता, लंडनला जायला जास्त वेळ आणि यायला कमी, ही छपाईची चूक नाही. वरचे वारे पश्चिमेकडून येतात. पण तिकिटावरच्या वेळा एकमेकींतून वजा करून प्रवास मोजू नका, दोन्ही तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक, हिवाळ्यात साडेपाच.

तुमचं नागपूरचं विमान कुठल्या टर्मिनलला उतरतंय ते आधी बघा, आणि तिकीट बदलायची मुदत अजून आहे का तेही.