चार आकडे कमी लिहू का?

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तू तपासलेल्या, आयक्यू म्हणजे बुद्ध्यांक ७२ आलेल्या त्या चौदा वर्षांच्या मुलाची आई हात जोडून म्हणाली, "मॅडम, चारच आकडे कमी लिहा, तुमचं काय जातंय?" आणि तू मला विचारतेस, लिहू का?

नाही. आईसाठी नाही, शाळेसाठी नाही, सिव्हिलमधून कोणा साहेबांचा फोन आला तरी नाही. हे तुलाही माहीत आहे, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. मला खटकलं ते तू ओघात लिहून गेलेलं वाक्य: "व्हाइनलँडही केली, ७७ आला." रोजच्या जगण्याची ती चाचणी कशी केलीस गं? आईला समोर बसवून दहा मिनिटांत ना? कपडे स्वतः घालतो? हो. दुकानात जातो? हो. की झाल्या खुणा!

बघितल्याशिवाय लिहू नकोस. तू एम.फिल.ला होतीस तेव्हापासून हेच सांगतेय.

ती माउली खोटं बोलली नाही. शर्ट तो अडकवतो, गुंड्या ती लावते, आणि हे इतकं अंगवळणी पडलंय की तिच्या लेखी तो कपडे स्वतःच घालतो. दुकानात जातोही, पण चिठ्ठी आणि मोजके पैसे घेऊन. त्याच्या हातात पन्नासची नोट दे, खालच्या टपरीवरून बिस्किटचे दोन पुडे आणायला सांग आणि तू जरा लांब उभी राहा. उरलेले पैसे मागतो का? मोजतो का? की दुकानदार देईल ते खिशात कोंबून निघतो? मग आईला पुन्हा विचार, आणि "हो" म्हणाली की "कसं ते सांगा" म्हण. नागपूरला फादर मालिन यांनी व्हाइनलँड आपल्याकडच्या मुलांसाठी बसवली ती रोजचं जगणं मोजायला. आईच्या हो-नाहीवर घाईने खुणा करायला नव्हे.

आणि गंमत बघ. ज्या आकड्यासाठी ती रडली, त्यावर अपंगत्वाचे टक्के ठरतच नाहीत. २०१८ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी टक्केवारी व्हाइनलँडवरून काढायची ठरवली. ७० ते ८४ ला २५ टक्के, ५५ ते ६९ ला ५० टक्के, आणि बहुतेक सवलतींना किमान ४० लागतात. आयक्यूच्या ७२ ला तर दोन्हीकडे पाचेक गुणांची चूक धरावीच लागते. रोजचं जगणं खरंच अडत असेल, तर सत्तरच्या वर, ७२ असूनही बौद्धिक अक्षमतेचं निदान बसू शकतं. मग तू आकड्याशी कसली झटापट करत बसलीस?

पुन्हा नीट करून ७७ च आला तर? तर ७७ च लिहायचं. आई शिव्या देईल, ऐकून घ्यायच्या. पण रिपोर्टमध्ये त्याला काय जमतं, कुठे अडतं, गुरुजींनी एका वेळी किती सूचना द्यायच्या, हे मराठीत लिही. चार कोष्टकं आणि खाली सही, असला रिपोर्ट माझ्याकडे तपासायला पाठवू नकोस.

माझ्याकडे एकदा एक स्वमग्न मुलगी आली होती. बोलणं अजिबात नाही. आधीच्या कागदावर 'तीव्र बौद्धिक अक्षमता', तीही बिने-कामत बुद्धिमत्ता चाचणीवरून, म्हणजे बहुतेक तोंडी प्रश्नांवरून! ती दारातच कानावर हात ठेवून उभी. पंखा खडखडत होता, तो बंद केला. थोड्या वेळाने आपणहून टेबलाशी आली, सेग्विन बोर्डाचे, म्हणजे खाचांत आकार बसवायच्या पाटीचे, दहाही तुकडे पटापट बसवले, पाटी उपडी केली आणि पुन्हा बसवले. आधीच्यांनी पंख्याकडे लक्ष दिलं नसेल. मुलीकडे तरी द्यायचं.

माझ्याबद्दल काय बोलतात ते ठाऊक आहे मला. एका मुलाला अख्खी सकाळ घालवते, हेकट आहे. आहेच. मी ज्या रुग्णालयात होते तिथे प्रमाणपत्र देणाऱ्या मेडिकल बोर्डाच्या दिवशी "आयक्यू काढून द्या" अशा चिठ्ठ्यांचा ढीग यायचा, दुपारपर्यंत सगळे निकाल हवेत. मी न बघता सही केली नाही, बढती दुसऱ्याला गेली. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. रांगेतल्या लोकांचा राग मात्र रास्त होता. रोज बुडवून तालुक्याहून आलेल्या बापाला "पुढच्या आठवड्यात या" म्हणताना माझीही जीभ अडखळायची. तरी म्हणायचे. कारण तो कागद त्या पोराबरोबर वर्षानुवर्षं फिरणार होता, आणि खाली नाव माझं असणार होतं. तुला हे हट्टाचं समर्थन वाटेल. वाटू दे.

आता त्या मुलाला परत बोलाव. फी घेऊ नकोस, त्या आईने एकदा दिली आहे. टी-शर्ट नको, गुंड्यांचा शर्ट घालून आणा म्हणावं. आणि सकाळचीच वेळ दे, दुपारच्या एस.टी.तून उन्हातान्हाचं आलेलं पोर काही दाखवत नाही.