आपोआप तडकलेला ग्लास

प्रश्न : भाऊ, फिरोजाबादहून आणलेले हाताने फुंकलेले निळे ग्लास कपाटात पालथे ठेवले होते. रात्री 'टण्' आवाज झाला. सकाळी पाहते तर एक उभा चिरलेला! सासूबाई म्हणतात, दृष्ट लागली. शेजारीण म्हणते, आत बुडबुडे आहेत, माल हलका आहे. उरलेले वापरू का? — एक वाचक, फैजपूर

उत्तर : ताई, बंद कपाटातल्या ग्लासाला कोण दृष्ट लावणार! बुडबुड्यांचाही त्यात हात नसावा. बारीक बुडबुड्याने काही बिघडत नाही. मात्र बुडबुडे म्हणजे हाताचंच काम, असंही धरू नका. हल्ली ते मुद्दाम घालतात. त्यापेक्षा बूड बघा. फुंकलेलं भांडं दुसऱ्या सळईवर धरून त्याचं तोंड घडवतात. ती सळई तोडली की बुडाला खरबरीत वण राहतो, नाहीतर तो घासल्याची गुळगुळीत खळी.

माझा संशय गार करण्यावर आहे. फुंकणीवर घेतलेल्या काचेच्या रसाला आकार द्यायला काही मिनिटं पुरतात. पण तयार ग्लास मग पाचशे-साडेपाचशे अंशांच्या भट्टीत ठेवून तासन् तास सावकाश गार करावा लागतो. इथे घाई झाली, की बाहेरची काच आधी कडक होते. आतली मागून आक्रसू पाहते, पण बाहेरची तिला आक्रसू देत नाही. ती ओढाताण काचेत तशीच अडकून राहते. पुढे कधीतरी एखादा ओरखडा तिथवर पोचतो आणि ग्लास जातो. जाड बुडाच्या, पातळ कडेच्या ग्लासात हा धोका जास्त.

मी प्रयोगशाळेची उपकरणं बर्नरवर फुंकायचो, तेव्हा प्रत्येक सांधा असा तपासायचो. तुम्हीही करून बघा. लॅपटॉपवर पांढराशुभ्र पडदा लावा, पोलराइज्ड गॉगलची काच डोळ्यासमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा, आणि दोन्हींच्या मध्ये ग्लास धरा. जवळजवळ काळाच दिसला तर बिनधास्त वापरा. बुडाशी झगझगीत किंवा रंगीत पट्टे दिसले, तर ती ओढाताण तिथे अडकली आहे; तो शोकेसमध्ये राहू द्या.

सरबताला हे ग्लास छान, चहाला नाही. आणि फुंकलेल्या वाडग्यात शेवभाजीचा उकळता रस्सा तर मुळीच ओतू नका! त्याला बोरोसिलिकेट काच हवी. ती तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ला टेकतो. पत्र्याखाली तापलेल्या ग्लासात एकदम बर्फ टाकू नका, आधी माठातलं पाणी फिरवून घ्या. राख आणि तारेची घासणी या ग्लासांना लावायची नाही.

प्रश्न : आजोबांचा प्रभाकर कंदील सापडला. नवी काच बसवली, तर ती पहिल्याच दिवशी तडकली. — एक वाचक, पाचोरा

उत्तर : कराडजवळच्या ओगलेवाडीचा माल, १९१६ साली सुरू झालेल्या कारखान्याचा. जपा! तुमची वात बहुधा तिरकी कापलेली आहे. ज्योत एका बाजूला झुकली की काचेची तेवढीच बाजू तापते आणि तिथेच तडा जातो. वात सरळ कापा, कोपरे किंचित छाटा. पेटवल्यावर लगेच मोठी करू नका, काच तापू द्या. काजळी पुसायची ती काच पूर्ण गार झाल्यावर, आणि कोरड्या कागदाने. ओलं फडकं नको.