कमरेवरची मूठ रिकामी नसते

वाचकांचे प्रश्न: काता आणि स्वसंरक्षण

मागच्या महिन्यात म्हटलं होतं की कराटेबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. आलेल्या पत्रांतली निम्मी फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात: हे जे हवेत हातपाय मारणं चाललेलं असतं, काता काता म्हणतात ते, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्यानेच करायच्या हालचाली, त्याचा रस्त्यावर काही उपयोग आहे का? मी तेवीस वर्षं शिकवतेय आणि त्यातली पहिली सात-आठ वर्षं मलाही याचं धड उत्तर देता आलं नसतं, हे आधीच सांगून टाकते.

प्रश्न: माझी मुलगी सहा वर्षं कराटेला जाते, ब्राऊन बेल्ट आहे, कातामध्ये जिल्हा पातळीवर दोन मेडल आहेत. दिवाळीत सगळे जमलो होतो तेव्हा तिच्या आत्येभावाने गमतीत मनगट धरलं आणि म्हणाला, सोडव बघू. तिला नाही सोडवता आलं. तो हसत राहिला, ही रडकुंडीला आली. आता म्हणते क्लास सोडते. सहा वर्षं वाया गेली का? (एक आई, सांगली)

त्या आत्येभावाला माझा नमस्कार सांगा. त्याने फुकटात जी परीक्षा घेतली ती सहा वर्षांत एकाही ग्रेडिंगला, म्हणजे बेल्टच्या परीक्षेला, कुणी घेतलेली दिसत नाही.

वाया नाही गेली ताई, पण अर्धंच शिकवून झालंय. तिला सांगा, हेआन शोदान कर आणि चौथ्या मूव्हला थांब. पांढऱ्या बेल्टचा काता आहे, झोपेतसुद्धा करेल. उजवीकडे मागे वळून लोअर ब्लॉक (हाताने खालचा वार अडवणं), मग पुढचा पाय मागे ओढत तीच मूठ गोल फिरवून वर आणि वरून हातोडीसारखी खाली, याला तेत्सुई म्हणतात. आता तुम्ही तिच्या समोर उभ्या राहा, लोअर ब्लॉक झाला की तिचं तेच मनगट पकडा आणि पुढची मूव्ह करायला सांगा. दिसलं? ते मनगट सोडवणंच आहे. पोरीने ही मूव्ह आजवर हजारो वेळा केली असेल, फक्त तिचं मनगट कुणी धरलेलं नव्हतं.

यात खरं काम पाय करतो, आणि हवेत काता करताना तो मागे येणारा पाय नुसता स्टाईलसाठी आहे असं वाटतं. मनगट धरलं की आपण सगळे काय करतो, हात ओढतो, दंडाच्या जोरावर, आणि समोरचा वजनाने जास्त असेल तर तिथेच हरतो. पाय मागे घेतला की सगळं अंग मागे जातं, त्याचा हात ताणला जातो, कोपर सरळ होतं, खांदा पुढे येतो, आणि सरळ झालेल्या हाताची ग्रिप सैल पडते. मग मूठ कुठून काढायची तर त्याचा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात त्या फटीतून, कारण चार बोटांशी भांडण्यात अर्थ नाही, अंगठा एकटा असतो. आणि सुटलेला हात नुसता सुटत नाही, तो वरून खाली येतो, त्याच्या हातावर, नाकावर, जे समोर असेल त्यावर.

मग क्लासमध्ये हे का जमत होतं आणि दिवाळीत का नाही? क्लासमध्ये पार्टनर मनगट कसं धरतो ते आठवा, देवाला फूल वाहिल्यासारखं. धरतो आणि उभा राहतो. खरं मनगट धरणारा माणूस नुसतं धरून उभा राहायला येत नाही, त्याला तुम्हाला कुठेतरी ओढत न्यायचं असतं किंवा दुसऱ्या हाताने मारायचं असतं.

माझी स्वतःची गोष्ट सांगते, आता हसू येतं. एका कॉलेजच्या गॅदरिंगला डेमो होता, मी नवीन ब्लॅक बेल्ट, अंगात वारं शिरलेलं. स्टेजवरून म्हटलं, कुणीही या आणि माझा हात धरा. आला एक कबड्डीवाला. त्याने मनगट धरलं आणि धरता धरताच स्वतःकडे खेचलं, जसं ते पकड करताना करतात. मी पाय मागे घेणार त्याआधीच पुढे दोन पावलं गेले होते. पूर्ण हॉल हसत होता. दुसऱ्या आठवड्यात मी त्याच मुलाला शोधून काढलं आणि म्हटलं, दर शनिवारी येशील का, चहा-भजी माझ्याकडून. तेव्हापासून माझ्या क्लासला मनगट धरायला कबड्डीची मुलं येतात आणि बुंकाई म्हणजे काय, कातातल्या हालचालीचा मारामारीतला अर्थ आणि उपयोग, ते मला कुठल्याही सेमिनारपेक्षा त्यांनी जास्त शिकवलं.

तर घरी असं करा. त्या आत्येभावालाच बोलवा, उपकार म्हणून. आधी नुसतं धरू दे, तिला पाय आणि अंगठ्याची फट सापडेपर्यंत. मग धरून ओढू दे, आणि इथे ती अडकेल कारण पाय मागे जाणार नाही. तेव्हा ओढतोय त्याच दिशेने अर्धं पाऊल आत जायचं, नडगीवर लाथ किंवा दुसऱ्या हाताची थप्पड (हळू हो, भाऊ आहे), त्याचं लक्ष गेलं की मग चौथी मूव्ह. शेवटी त्याला सांगा की डावं धर, उजवं धर, दोन्ही धर, न सांगता धर. महिनाभर आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं केलं तरी फरक दिसेल. आणि सुटलं की तिथे पोज देऊन उभं राहायचं नाही, ओरडत दरवाजापर्यंत पळायचं, तेही प्रॅक्टिसमध्ये धरायचं.

एक मात्र खरं, समोरचा खूपच दांडगा असेल तर यातलं काहीच न चालण्याची शक्यता असते. तसं मुलीला सांगा. आणि क्लास सोडू देऊ नका, सरांना विचारा की बुंकाई शिकवता का. सर चिडले तर मग क्लास बदला.

प्रश्न: यूट्यूबवर एकाच लोअर ब्लॉकचे दहा वेगवेगळे अर्थ दाखवतात, कुणी म्हणतं लाथ अडवणं, कुणी हात मोडणं, कुणी फेकणं. आमचे सर म्हणतात ब्लॉक म्हणजे ब्लॉक. खरी बुंकाई कोणती? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, संभाजीनगर)

खरी एकच असते असं कुणी सांगितलं तुला?

वर सांगितलेला हेआन शोदान आणि बाकीचे हेआन काता ज्यांनी बसवले ते जपानच्या ओकिनावा बेटावरचे इतोसु आंको. मूळ नाव पिनान, आणि ते शाळेतल्या मुलांसाठी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. पन्नास-साठ मुलं रांगेत उभी करून शिकवायची म्हणजे गळा कसा दाबायचा, बोटं डोळ्यात कशी घालायची हे सांगत बसणार नाहीत ना, तिथे कवायत हवी होती. पण याच इतोसुंनी १९०८ मध्ये कराटेबद्दल दहा मुद्द्यांचं एक पत्र लिहिलं आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की प्रत्येक हालचालीचा अर्थ समजून घ्या, कुठे कशी वापरायची ते तपासा, आणि एकेका हालचालीचे अनेक उपयोग असतात. पुढे १९२२ मध्ये फुनाकोशी गिचिन कराटे घेऊन टोकियोला गेले, युनिव्हर्सिटीच्या पोरांमध्ये ते पसरलं, मग स्पर्धा आल्या, आणि स्पर्धेत दोघं हातभर लांब उभे राहून पंच मारतात. त्या अंतरावरून काताकडे बघितलं की लोअर ब्लॉक हा ब्लॉकच दिसणार. तुझे सर खोटं बोलत नाहीत रे, त्यांनाही तसंच शिकवलं गेलंय.

आता माझा स्वतःचा निकष सांगते. लोअर ब्लॉक करताना दुसरा हात कुठे जातो? कमरेवर. का? 'पॉवर येते' हे उत्तर मी पण वर्षानुवर्षं दिलंय. पण मारामारीत एक हात कमरेवर आणि तोंड उघडं, हे कुठला शहाणा माणूस करेल? त्या हाताला हिकिते म्हणतात, ओढणारा हात, आणि समोरच्याचा हात पकडून पिळत ओढायचा हा अर्थ फुनाकोशींनीसुद्धा लिहून ठेवलाय. म्हणजे कमरेवर आलेल्या मुठीत काहीतरी आहे, मनगट, बाही, कॉलर, केस. ज्या बुंकाईत ती मूठ रिकामी आहे तिच्याबद्दल मला पहिला संशय येतो.

करून बघ. मित्राला सांग, उजव्या हाताने माझं उजवं मनगट धर. तू मनगट फिरवून उलट त्याचंच मनगट पकड आणि कमरेवर आण, त्याचा हात तुझ्यासमोर आडवा सरळ होतो. डावा हात उजव्या कानाजवळून सुटतो, लोअर ब्लॉकचाच रस्ता, आणि मनगटाजवळचं हाड त्याच्या कोपराच्या जरा वर बसतं. डावा पाय टाकून खाली दाब. हळू, कोपर आहे ते, झटका दिला तर मित्र जाईल. तो वाकतो. तेव्हा तुला कळेल की हेआन शोदानमध्ये सुरुवातीलाच डावीकडे का वळतात. डावीकडून कुणी आलाय म्हणून नाही, तर तू त्याच्या समोरून बाजूला सरकतोयस म्हणून. काता आठ दिशांना जातो म्हणजे आठ शत्रू आहेत हा समज चुकीचा आहे असं शितो-र्यू या कराटे शैलीचे माबुनी केन्वा यांनी १९३८ मध्येच लिहून ठेवलंय, तरी डेमोला अजून आठ पोरं गोल करून उभी करतात. असो.

अंतराचा मुद्दा बघायचा असेल तर मोतोबु चोकी यांच्या १९२६ च्या पुस्तकातले फोटो बघ. या माणसाने आयुष्यभर नाइहांची हा काता घोटला (शोतोकान शैलीवाले त्याला तेक्की म्हणतात) आणि खऱ्या मारामाऱ्यांसाठी ते प्रसिद्ध होते. फोटोत दोघं इतके जवळ आहेत की एकाचा हात दुसऱ्याच्या हातावर आहेच.

तेव्हा व्हिडिओ बघताना तीन गोष्टी विचार. समोरचा जो हल्ला करतोय तो रस्त्यावर खरंच कुणी करतं का, का तो लांबून एक पंच मारून हात तसाच पुढे ठेवून पुतळा झालाय? मूव्ह जराशी चुकली तरी काही हाती लागतं का? आणि समोरच्याने विरोध केला तर? पुतळेवाले व्हिडिओ नव्वद टक्के तिथेच गळतात. हा नव्वदचा आकडा माझ्या वैतागातून आलाय, मोजलेला नाही.

प्रश्न: वय ५४, गुडघे कुरकुरतात. स्वसंरक्षण शिकायचंय पण काता वगैरे जमेल का? आमच्या भागात मंगळसूत्र ओढण्याचे प्रकार वाढलेत म्हणून भीती. (गृहिणी, ठाणे)

मंगळसूत्रासाठी कुठलाही काता नको. बाईकवरचा माणूस ओढतोय तर सोडून द्या, धरून ठेवलं तर तुम्ही फरपटल्या जाल. गाडीचा नंबर दिसला तर बघा आणि ११२ ला फोन करा.

बाकी जमेल, खाली बसलेले स्टान्स घेऊ नका म्हणजे झालं. तुमच्यासाठी मला गोजु-र्यू या कराटे शैलीतला काकिए हा सराव आवडतो. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं आणि एकीने ढकलायचं, दुसरीने ते घेत मागे न्यायचं, मग उलट, जात्यावर दोघी दळतात ना तसं काहीसं. पाच मिनिटांत खांदे भरून येतात. काही दिवसांनी गंमत अशी होते की समोरची जोर कुठे लावतेय ते डोळ्यांआधी हाताला कळतं. मग मधेच पकडायचं, ओढायचं. गुडघ्यांना त्रास नाही आणि मैत्रिणीशी गप्पा चालू ठेवता येतात. माझ्या सकाळच्या बॅचच्या बायका तर काकिए करता करता भाजीचे भाव ठरवतात.

प्रश्न: समोरच्याचा हात मोडला तर केस माझ्यावरच होईल ना? (नोकरदार, नागपूर)

होऊ शकते, म्हणून माहिती असू दे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि स्वसंरक्षणाचा हक्क त्यात कलम ३४ ते ४४ मध्ये आहे (आधी आयपीसीत ९६ ते १०६ होतं). कलम ३७ नीट वाचा, बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. जीव जाण्याची किंवा गंभीर इजेची वाजवी भीती असेल, बलात्काराचा किंवा ॲसिडचा हल्ला असेल, पळवून नेत असतील, अशा वेळी कलम ३८ ने हक्क बराच पुढपर्यंत जातो. नेमका सल्ला वकिलाकडून घ्या.

शिकवणारी म्हणून एवढंच सांगते की तो वाकला, हात सुटला, की तुमचं काम संपलं. वर दोन लाथा घातल्या तर त्या कोर्टात तुम्हालाच समजावून सांगाव्या लागतील. काता संपल्यावर आपण लगेच सैल पडत नाही, समोर बघत राहतो, झानशिन म्हणतात. त्याचा साधा उपयोग हाच, नजर त्याच्यावर ठेवून मागे मागे सरकायचं आणि निघायचं.

प्रश्न: टीम काताच्या फायनलमध्ये बुंकाई दाखवतात, उडी मारून मानेला पाय अडकवून पाडतात, ते खरं चालतं का? (दहावीतला वाचक, कोल्हापूर)

बघायला भारी वाटतं, मी पण शिट्ट्या मारते. पण तिथे पडणाऱ्यानेही तेवढीच प्रॅक्टिस केलेली असते. तुझ्या गावात एवढ्या तालमी आहेत, एखाद्या पैलवानावर ते करून बघायचं म्हणत असशील तर आधी त्याला विचार.

प्रश्न: पार्टनरच नाही, गावात क्लास बंद पडला. एकटीने बुंकाई कशी करू? (बी.ए. दुसरं वर्ष, वाई)

माझ्या मते काता आहेतच मुळी त्यासाठी, पार्टनर नसतानाही सराव राहावा म्हणून. तू फक्त हवेत करू नकोस. जुनी ओढणी खिडकीच्या गजाला बांध, दुसरं टोक मुठीला गुंडाळ आणि तेक्की किंवा हेआन त्याच्यासकट कर, हिकिते कमरेवर येताना ओढणी ताणली गेली पाहिजे आणि ताण खांद्यात नाही तर पायात जाणवला पाहिजे. खांदा दुखला तर समज की हातानेच ओढतेयस. आणि गज आधी हलवून बघ, माझ्याकडचा एक निघून हातात आला होता.