वांगं हिरवंच का मरतं, माडाची खाच का भरत नाही: मायक्रोस्कोपखाली बघून उत्तरं

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका भावाने विचारलंय की भात कापून झाल्यावर त्याच शेतात वांगी लावली, फुलावर आली आणि आता पानं हिरवीगार असतानाच एकेक झाड मान टाकतंय, पाणी रोज देतो, बुरशीनाशक मारून झालं, फरक शून्य. डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न माडाचा, पाडेल्याने (नारळ पाडणाऱ्याने) चढायला खोडावर खाचा मारल्यात त्या भरून यायला काय लावायचं. आणि पेडण्याहून एकाने विचारलंय की मुलाच्या हायस्कुलात मायक्रोस्कोप आहे, त्याचा शेतीला काही उपयोग होतो का. तिन्ही एकदम घेतो, कारण वांगी आणि माड दोघांचं उत्तर खोडाच्या आत आहे आणि ते बघायला तो शाळेतला मायक्रोस्कोप पुरतो.

डोळ्याजवळची लेन्स, म्हणजे आयपीस, १० ची आणि खालची लेन्स १० ची, म्हणजे वस्तू १०० पट मोठी दिसते, झाडाच्या आतल्या नळ्या बघायला एवढं बास झालं. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात पेशींची घरं बघितली तेव्हा त्याच्याकडे याहून साधं यंत्र होतं. खरी मेहनत काप पातळ करण्यात आहे. दाढीचं नवं ब्लेड घ्या, देठ कोवळा ताजा पाहिजे, फारच मऊ असेल तर गाजराला चीर पाडून तिच्यात धरा आणि गाजरासकट कापा, ब्लेड आणि देठ दोन्ही ओलं ठेवायचं, एका ओढीत कापायचं, करवतीसारखं मागेपुढे नाही. दहा-पंधरा काप बशीतल्या पाण्यात सोडा, त्यातला ज्याच्यातून आरपार दिसतं तोच उचला, स्लाइडवर पाण्याचा थेंब, वर कव्हरस्लिप (पातळ काच) तिरकी धरून हळू सोडा नाहीतर हवा अडकते. काळ्या जाड कडेचे गोल दिसले तर ते बुडबुडे, बरेच जण त्यालाच बुरशीचे बी समजून घाबरतात. आणि ब्लेड आहे म्हणून मुलांसोबत मोठं माणूस बसलंच पाहिजे.

आता वांगी. वांग्याच्या खोडाच्या आडव्या कापात सालीच्या आत मोठमोठी भोकं दिसतात, तो झायलम, मुळाने ओढलेलं पाणी वर पानापर्यंत नेणाऱ्या पोकळ नळ्या. पान हिरवं असताना झाड कोमेजतं, सकाळी जरा सावरतं, दुपारी परत पडतं आणि तीन-चार दिवसांत संपतं, तेव्हा पहिला संशय जिवाणूजन्य मर रोगाचा घ्या. हा जिवाणू, राल्स्टोनिया, मातीतून मुळाच्या जखमेतून आत शिरतो, नळीत वाढतो आणि चिकट द्रव सोडून नळी तुंबवतो. माती ओली आहे, मूळ पाण्यात आहे, तरी पानापर्यंत पाणी पोचत नाही, म्हणून तुम्ही कितीही पाणी द्या झाड तहानेनेच मरतं. उलट जास्तीचं पाणी एका झाडाकडून दुसऱ्याकडे रोग घेऊन जातं.

खात्री घरीच करता येते. जमिनीजवळचा खोडाचा तुकडा कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, तुकड्याचं कापलेलं टोक पाण्यात बुडेल असा धरा, हलवू नका, थोड्या मिनिटांत दुधासारखे पांढरे धागे खाली उतरायला लागले तर जिवाणूच आहे. मायक्रोस्कोप असेल तर छोटा काप पाण्याच्या थेंबात ठेवून नळ्यांच्या कडेला बघा, ढगासारखा लोट बाहेर पडताना दिसेल, एकदा बघितलेला माणूस विसरत नाही. धागे नाहीत, पानं खालून पिवळी पडत गेली आणि नळ्या तपकिरी झाल्यात, तर बुरशीची मर धरा, तिचा इलाज वेगळा.

जिवाणू निघाला तर पानावर मारलेलं बुरशीनाशक त्याला लागणारच नाही, तो नळीच्या आत बसलाय आणि झायलममधलं पाणी खालून वर जातं, वरून खाली नाही, मग पानावरचं औषध तिथे पोचणार कसं? पैसे घालवू नका. कोणी अँटिबायोटिकची पावडर फवारायला सांगितली तरी तेच उत्तर. झाड मुळासकट आणि भोवतालच्या मातीसकट उपटा, जाळा, पाटाच्या पाण्यात तर अजिबात फेकू नका. त्या तुकड्यात पुढे वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा लावायचं नाही, सगळे एकाच कुळातले. भात, अळसांदे (चवळी), मका असं फिरवत जा, एका भाताने रोग जात नाही हे तुमच्याच शेतात दिसलं, पण दरवर्षी वांगीच लावली तर तो वाढतच जाणार. वांगी हवीच असतील तर रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं घ्या, ते मूळ या जिवाणूला बऱ्यापैकी दाद देत नाही.

ताई, माडाच्या खाचा भरून येणार नाहीत, हे आधीच सांगतो म्हणजे शेण-माती लावून वाट बघत बसू नका. काजूच्या किंवा आंब्याच्या कोवळ्या फांदीचा काप बघितला तर साल आणि लाकूड यांच्यामध्ये बारीक पेशींची एक अखंड कडी दिसते, ती कॅम्बियम. ती आयुष्यभर नवीन पेशी करते, म्हणून फांदी जाड होते, जखम बुजते, आणि म्हणूनच काजूचं कलम बसतं, डोळकाडी (वर बसवायची फांदी) आणि खुंट (खालचं मुळाचं रोप) यांच्या दोन्ही कड्या एकमेकींना टेकल्या आणि पट्टी घट्ट बसली तर. (कलमं मरतात अशी तक्रार बरेच जण करतात, त्यात खूपदा हीच कडी जुळलेली नसते.) माडाच्या, पोफळीच्या (सुपारीच्या) खोडात ही कडीच नाही, पाण्याच्या नळ्यांचे जुडगे सगळीकडे विखुरलेले असतात. पेडण्याच्या भावाने मुलाला मक्याच्या ताटाचा आणि वांग्याच्या खोडाचा काप शेजारी शेजारी दाखवावा, मका माडाच्याच गटातला आहे, फरक लगेच कळतो.

म्हणजे माडावर मारलेला प्रत्येक घाव माड मरेपर्यंत तिथेच राहतो, पावसात पाणी मुरतं, कुजतं आणि लाल सोंड्या या खोड पोखरणाऱ्या किडीच्या मादीला अंडी घालायला आयती जागा मिळते. जुन्या खाचा साफ करून सुकू द्या आणि डांबर लावा, भरण्यासाठी नाही, बंद करण्यासाठी. नवीन खाच मारू देऊ नका, पाडेल्याला चढायचं मशीन वापरायला सांगा, जुने लोक ऐकत नाहीत पण कुळागरातला (बागायतीतला) माड आपला आहे, बोलायलाच हवं.

भाताच्या जिवाणू करप्याचं थोडक्यात, कारण लावणीच्या वेळी हा प्रश्न येतोच. भाताच्या पानाच्या कडेला आणि टोकाला पाणी बाहेर टाकणारी छिद्रं असतात, पहाटे पानावर थेंब दिसतात ते तिथलेच. करपा आणणारा जिवाणू तिथून नाहीतर जखमेतून आत शिरतो, म्हणून जिवाणू करपा कडेने सुरू होऊन खाली उतरतो. लावणीच्या वेळी तरव्याची (भाताच्या रोपांची) टोकं कापायची सवय आहे ती सोडा, आपण हाताने दार उघडून देतो.

तुमच्याकडे मायक्रोस्कोप नसेल तर नमुना कृषी खात्याच्या झोनल ऑफिसात नाहीतर कृषी विज्ञान केंद्रात न्या. आजारी झाड मेलेलं नको, अर्धवट कोमेजलेलं मुळासकट आणा, सोबत त्याच शेतातलं एक चांगलं झाड, वर्तमानपत्रात गुंडाळून सकाळी लवकर. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं तर आत घाम सुटून कूज लागते, मग कापात आधीचा रोग कुठला आणि पिशवीतला कुठला ते ओळखता येत नाही. आणि शेवटचं औषध कुठलं, कधी मारलं ते चिठ्ठीवर लिहून आणा.