संत्र्याचा वास साबणात का टिकत नाही? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात संत्रासालीच्या उटण्यावर लिहिलं होतं, त्यावर भरपूर पत्रं आली. बहुतेक पत्रं घरी हाताने साबण, उटणं, तेल करणाऱ्या बायकांची आहेत आणि दोन-तीन बागायतदारांचीही आहेत. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्यात बऱ्याच जणींचा प्रश्न येऊन जातो अशी पाच घेतली.

ताई, वरुडकडं आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहार तुटला का घरात सालीचे ढीग असतात. मी साली वाळवून पावडर केली, घरच्या साबणात टाकली, वरून संत्र्याचं तेलही टाकलं. वडी कापली तवा घर दरवळत होतं अन् महिन्याभरात वास गायब, साबण तपकिरी झाला तो वेगळाच. वास कायले जाते?

तुमच्या हाताचा दोष नाहीये, संत्र्याचा स्वभावच तसा आहे. लहानपणी दिवे गेले की आम्ही मेणबत्तीसमोर ताजी साल दुमडून दाबायचो, बारीक तुषार उडायचे आणि ज्योतीत फट्फट् ठिणग्या पेटायच्या. तुम्हीही नक्की केलं असेल. ते तुषार म्हणजेच संत्र्याचं तेल. सालीवर जे बारीक बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या असतात आणि त्या तेलात नव्वद टक्क्यांच्या वर एकच द्रव्य असतं, लिमोनिन. ते फार हलकं, पटकन उडून जाणारं, त्यामुळे साबण तयार होतानाच्या उष्णतेत आणि नंतर वड्या मुरायला ठेवतो त्या चार-सहा आठवड्यांत ते हवेत निघून जातं.

आता उपाय. तेल अगदी शेवटी घाला, मिश्रण जरा दाटसर झालं आणि भांडं हाताला कोमट लागायला लागलं की मग. आणि एकटं संत्रं घालू नका, त्याला धरून ठेवणारं काहीतरी जड सोबत द्या. मी वाळ्याचं तेल घालते, नाहीतर गवती चहाचं, गवती चहाचा वास साबणात चांगला टिकतो आणि नाकाला तो लिंबूवर्गीयच वाटतो. तेलाची बाटली गडद रंगाची, गच्च बुचाची आणि थंड जागी ठेवा, कारण लिमोनिनला हवा लागत राहिली की जे तयार होतं त्याने काही जणांच्या कातडीला खाज सुटते. जुनं तेल वाया जाऊ नये म्हणून साबणात ढकलायचं, हे अजिबात नको.

पावडरीबद्दल सांगायचं तर साबणातला कॉस्टिक (म्हणजे कॉस्टिक सोडा, ज्याने तेलाचा साबण होतो) तिला तपकिरी करतोच, ते टळत नाही. साल सावलीत वाळवा, कडक उन्हात नको, आधी आतला पांढरा भाग चमच्याने जितका निघेल तितका खरवडून काढा आणि पावडर वस्त्रगाळ करा. अर्धा किलो तेलाला चहाचा एक चमचा पुरे, जास्त झाली की अंगाला टोचते. खरं सांगू का, सालीची पावडर उटण्यातच शोभते. नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, मसुराचं पीठ, त्यात संत्रासाल, तिथे ना कॉस्टिक आहे ना उष्णता, वास छान राहतो.

एक राहिलंच. खोबरेल संपलं म्हणून तेवढंच तिळाचं तेल घातलं, असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय. असं करू नका हो! 100 ग्रॅम खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण 18 ग्रॅम कॉस्टिक लागतो, तिळाच्या तेलाला साडेतेराच्या आसपास. तेल बदललं आणि कॉस्टिक तोच ठेवला तर जास्तीचा कॉस्टिक वडीत मोकळा राहतो आणि अंग भाजतं. दर वेळी हिशोब नव्याने करा, कॉस्टिक पाण्यात टाका, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही, ॲल्युमिनियमचं भांडं नको, डोळ्याला चष्मा आणि हातात ग्लोव्हज हवेतच.

मी पुण्यात साबण बनवते. लेबलवर "200 वर्षं जुन्या भोसलेकालीन बागेतली संत्री" असं लिहायचा विचार आहे. चालेल ना? (संत्री मार्केट यार्डातून घेते.)

नाही चालणार, आणि मला हे जरा कळकळीने सांगायचंय, कारण इतिहास खरंच सुंदर आहे, त्याला खोट्या दागिन्यांची गरज नाहीये. अठराव्या शतकाच्या अखेरीस रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादकडून संत्र्याची झाडं आणून नागपूरला आपल्या बागेत लावली, असं सांगितलं जातं. तिथून संत्रं काटोल, वरुड, मोर्शीकडे पसरलं. नागपुरात महाराजबाग आजही आहे, भोसल्यांची ती बाग आता कृषी महाविद्यालयाकडे आहे आणि तिथे प्राणिसंग्रहालय आहे.

पण 200 वर्षांचं संत्र्याचं झाड कुठून आणणार? आपल्याकडे संत्रं लावतात ते जंबेरीच्या (एका रानटी लिंबाच्या) खुंटावर डोळा, म्हणजे संत्र्याच्या फांदीवरचा कोंब, भरून, म्हणजे खाली मूळ जंबेरीचं आणि वर फांदी संत्र्याची. अशी बाग चांगली सांभाळली तर वीस-पंचवीस वर्षं नीट उत्पन्न देते, मग नवी लावावी लागते. जुनं झाड नाही टिकत, जुनी टिकते ती डोळ्यांची परंपरा, एका झाडावरून दुसऱ्यावर आलेली. मला तर हीच गोष्ट लेबलवर वाचायला आवडेल.

शिवाय नागपूर संत्र्याला 2014 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्यामुळे ते नाव त्याच भागात पिकलेल्या फळासाठी आहे. यार्डात संत्री राजस्थानातून येतात, मध्य प्रदेशातून येतात, पंजाबचा किन्नू येतो, आणि सोललेल्या सालीवरून ओळखणं कठीण. थेट बागायतदाराकडून घ्या, बिल ठेवा, गावाचं नाव लिहा. आणि फवारणी कधी झाली हे विचारा, कारण आपण साल वापरतोय, गर नाही. बाजारातल्या फळावर मेणाचा थर असेल तर कोमट पाण्यात घासून धुवा.

नाशिकहून लिहितेय. दिवाळीत उटण्यात लिंबू पिळून मुलीच्या मानेला आणि हाताला लावलं, मग ती उन्हात खेळली. दोन दिवसांनी लाल चट्टे, फोड आले, आता काळे डाग आहेत. उटणं खराब होतं का?

उटणं नाही, लिंबू आणि ऊन एकत्र आलं. कागदी लिंबात, त्यातही सालीत, अशी काही द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर जागा भाजल्यासारखी होते. लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उठतं, म्हणून कारण लक्षात येत नाही. डाग हळूहळू फिके होतात पण काही आठवडे, कधी काही महिने जातात. तोवर तिथे ऊन लागू देऊ नका, घासू नका, दुसरा घरगुती उपाय करू नका आणि लेकीला एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवाच.

ज्या मैत्रिणी अंगाला लावून ठेवायचं तेल किंवा क्रीम करतात त्यांनी हे मनावर घ्या. लिंबाचं दाबून काढलेलं तेल आणि वाफेवर काढलेलं तेल यांत इथे मोठा फरक आहे, ती द्रव्यं जड असल्यामुळे वाफेबरोबर येत नाहीत. विकत घेताना दुकानदाराला नेमकं हेच विचारा, त्याला सांगता आलं नाही तर घेऊ नका. संत्र्याच्या तेलात हा त्रास फार कमी, पण लिंबू, इडलिंबू, बर्गामोट यांपासून जपून.

जर्मनीत कोलोनला राहते, माहेर अमरावतीचं. इथल्या कोलोन नावाच्याच अत्तराचा वास घेतला की जानेवारीतली आमची बाग आठवते. आपल्या संत्र्याच्या फुलांचं तेल कुणी का काढत नाही?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वास आठवतो यात नवल नाही, कारण कोलोनमध्ये लिंबूवर्गीय सालींचं तेल असतं आणि बरेचदा नारिंगाच्या फुलांचंही. फारिना नावाच्या इटालियन माणसाच्या घराण्याची पेढी तिथे 1709 पासून आहे, त्याने आपल्या अत्तराला नाव दिलं ते ज्या शहराने त्याला घर दिलं त्या शहराचं. फळं इटलीची, नाव कोलोनचं, आणि तरी त्यात खोटं काही नाही, कारण बनत होतं तिथेच. (पुण्याच्या ताईंनी हे जरूर वाचावं.)

फुलांचं जे तेल, नेरोली, ते कडू नारिंगाचं असतं, आपल्या गोड संत्र्याचं नाही. एक किलो तेलाला साधारण टनभर फुलं लागतात! आणि आपल्याकडे फूल तोडलं म्हणजे फळ गेलं, त्या हिशोबात बागायतदार कधीच बसणार नाही. मात्र बहाराच्या दिवसांत झाडाखाली फुलांचा सडा पडतो, तो पहाटे गोळा करून तिळाच्या तेलात मुरवता येतो. दर दोन दिवसांनी फुलं बदलायची, पाण्याचा अंश राहू द्यायचा नाही, नाहीतर तेल खवट होतं. वास अगदी मंद येतो, मानेजवळ लावलं तर आपल्यालाच कळेल एवढा. माहेरी जानेवारीअखेर येणं झालं तर करून बघा, आईबरोबर.

बचत गटातर्फे आठवडी बाजारात साबण आणि उटणं विकायचंय. काम छोटंच आहे, लायसन्स लागतं का?

लागतं. साबण आणि उटणं दोन्ही सौंदर्यप्रसाधनात येतात आणि कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे बनवून विकायला राज्याच्या एफडीएचं (अन्न व औषध प्रशासनाचं) लायसन्स हवं, काम लहान असलं तरी. स्वतःची जागा नसेल तर लायसन्स असलेल्या दुसऱ्या युनिटमध्ये लोन लायसन्सवर (म्हणजे त्यांच्या जागेत आपला माल बनवायच्या परवान्यावर) बनवता येतं, गटांना ते परवडतं. लेबलवर घटक, बॅच नंबर, बनवल्याची आणि संपायची तारीख, पत्ता, लायसन्स नंबर हवा. अर्ज आधी करा, तोवर एकेक वडी घरच्यांना वापरायला द्या आणि कोणाला काय वाटलं, खाज आली का, वास किती दिवस राहिला, सगळं तारखेसकट वहीत लिहून ठेवा.